चाकाची चकाकी, हौदाचे पाणी

नवी दिल्ली : करोल बागेतील नाईवाला गल्लीत सोमवारची सुट्टी वगळता कोणत्याही दिवशी दुपारनंतर सरळ चालता येत नाही. दोन्ही बाजूंच्या दुकानांवर बुलेटची हँडल, आरसे, सायलेन्सर, सीट आणि चाकांच्या रिम टांगलेल्या असतात, आणि उरलेल्या रस्त्यावर अर्धवट उघडलेल्या मोटारसायकली उभ्या असतात. दिल्लीसह गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद येथील हौशी मंडळी गाडी सजविण्यासाठी येथे येतात. जुन्या चाकाला नवे रूप देण्याचा विषय निघाला की ग्राहकापुढे तीन पर्याय ठेवले जातात : पॉलिश, रंग किंवा क्रोम. भाव सांगितला जातो, दिवस ठरतो आणि चाक पोत्यात बांधून कोठेतरी रवाना होते. ते कोठे जाते आणि तेथे त्याचे काय होते, हे विचारण्याची पद्धत नाही. वास्तविक चकाकी किती दिवस टिकणार, चाक किती सुरक्षित राहणार आणि या चकाकीची किंमत आणखी कोण मोजणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच ठिकाणी दडलेली असतात.

प्रथम चाकाची जात ओळखणे आवश्यक आहे. मद्रासमध्ये १९५५ पासून जुळणी होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरची जावा व येझदी, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत आणि १९८५ मध्ये हरियाणातील धारूहेडा येथून बाहेर पडलेली हिरो होंडा सीडी १०० या साऱ्यांची चाके एकाच परंपरेतील. मध्यभागी हब, त्यातून निघालेले तारांचे स्पोक आणि भोवती क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम, अशी त्यांची रचना. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या बजाज पल्सरसारख्या गाड्यांबरोबर ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाके सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. बाजार त्यांना नुसते 'अलॉय' म्हणतो. या चाकांवर कारखान्यातून येतो तो रंग, मुलामा नव्हे. दोन्ही प्रकार आज एकाच गल्लीत, एकाच दुकानात दुरुस्तीला येतात, आणि बहुतेक चुका एकाचा उपचार दुसऱ्यावर केल्याने होतात. शंका असल्यास खिशातले लहानसे चुंबक पुरेसे आहे. पोलादी रिमला ते चिकटते, ॲल्युमिनियमला चिकटत नाही.

पॉलिश हा खऱ्या अर्थाने अलॉयचा उपचार. जुना रंग उतरवून धातू उघडा करायचा, आधी जाड आणि मग क्रमाने बारीक पॉलिशपेपर फिरवायचा, अखेरीस कापडी चकतीवर मसाला लावून बफिंग करायचे. हात बसलेला कारागीर चाकाला आरशाची झळाळी देतो. मात्र रंग उतरविण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा सोपा मार्ग कोणी सुचविल्यास नकार द्यावा. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खाते. रंगाबरोबर धातूही विरघळतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. ॲल्युमिनियमच्या बफिंगची धूळ ज्वलनशील असते, ही बाबही फारशी कोणाच्या लक्षात नसते. त्याच ओट्यावर लोखंड घासून ठिणग्या पाडणाऱ्या कार्यशाळेत चाक न ठेवलेलेच बरे.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर चढतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. परंतु दिल्लीच्या हिवाळ्यात रात्रभर पडणारे दव, त्यात मिसळलेली धूळ आणि धुरातील आम्ल यांमुळे काही आठवड्यांतच झळाळीवर राखाडी पडदा येतो. त्यामुळे पॉलिश केलेले चाक एकतर वरचेवर मेण लावून पुसत राहावे लागते किंवा त्यावर पारदर्शक लॅकरचा थर द्यावा लागतो. लॅकर निर्धास्त करते, पण एखादा खडा लागून तेथे टवका उडाला की ओलावा आत शिरतो आणि लॅकरखाली अळीने पान कोरावे तशा बारीक नागमोडी रेषा पसरत जातात. मग पुन्हा सारे उतरविणे आले. प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो, हे लक्षात घेता पॉलिश हा दरवर्षी करण्याचा सोपस्कार नव्हे. एक फायदा मात्र निर्विवाद आहे. रंगाखाली झाकलेली चीर उघड्या धातूवर दिसते. खड्ड्यात आदळून वाकलेले आणि ठोकून सरळ केलेले अलॉय विकत घेणाऱ्याने रंग उतरेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

रंग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी लेखलेला पर्याय. पत्र्याच्या डब्यातील साधा रंग चाकावर वर्षभरही टिकत नाही. परंतु ॲल्युमिनियमसाठी योग्य प्रायमर, त्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग आणि वर क्लिअर कोट हा क्रम पाळला तर काम अनेक पावसाळे टिकते. पावडर कोटिंग त्याहून चिवट. येथे द्रवरूप रंग नसतोच. विद्युतभारित भुकटी चाकावर फवारली जाते, ती चाकाला धरून बसते, आणि नंतर साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यावर वितळून एकसंध कवच होते. थिनरचा वास नाही, सांडपाणी अगदी मर्यादित, आणि खाली पडलेली भुकटी पुन्हा वापरता येते. पर्यावरणाच्या दृष्टीने तीन पर्यायांत हाच सर्वांत निरुपद्रवी म्हणता येईल.

त्यातही दोन धोके आहेत, आणि दोन्ही भट्टीपाशीच उद्भवतात. ओतीव अलॉय चाकांना कारखान्यात उष्णतासंस्कार करून बळकटी दिलेली असते. भट्टीचे तापमान अंदाजाने ठेवले, चाक विसरून तासभर आत राहिले, तर ती बळकटी कमी होऊ शकते, आणि वरून चाक पूर्वीपेक्षा देखणे दिसते. दुसरा धोका नको तेथे रंग चढण्याचा. डिस्क ब्रेक ज्या पृष्ठभागावर बोल्टने घट्ट बसते तेथे, बेअरिंगच्या खोबणीत आणि ॲक्सलचा स्पेसर टेकतो त्या ठिकाणी जाड कवच राहिले, तर ते दाबाखाली हळूहळू चेपते आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. बेअरिंग व सील आधी काढून या जागा उष्णतारोधक टेपने झाकणे हा साधा नियम आहे. कारागीर तो पाळतो का, एवढे एक विचारले तरी त्याची पारख होते.

'निकल' हेच खरे नाव

करोल बागेचा खरा मोह क्रोमचा. येथील कारागीर मुलाम्याला क्रोम म्हणण्याऐवजी अनेकदा 'निकल' म्हणतात. ग्राहकाला ते अडाणीपणाचे वाटते, पण रसायनशास्त्राच्या कसोटीवर कारागीरच बरोबर ठरतो. रिमवर जो निळसर झगमगाट दिसतो तो क्रोमियमचा थर अवघा पाव ते अर्धा मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थराला सूक्ष्म भेगा आणि छिद्रे असतात. तो ओरखडा अडवतो आणि काळवंडत नाही, परंतु पाणी अडवत नाही. पोलादाला गंजापासून वाचविण्याचे काम त्याखालचा निकेलचा थर करतो, आणि आरशासारखी झळाळीही मुख्यतः त्याचीच असते. क्रोम वरचे काचेचे तावदान आहे. भिंत निकेलची आहे.

निकेल आणि क्रोमच्या मुलाम्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०६८ हे मानक आहे आणि वस्तू कोणत्या परिस्थितीत वापरली जाणार त्यानुसार त्यात थरांची जाडी ठरविलेली आहे. उन्हापावसात फिरणाऱ्या वाहनाच्या भागांवर निकेल वीस-तीस मायक्रॉन किंवा अधिक असावे लागते. येथे एक साधे गणित उपयोगी पडते. नेहमीच्या निकेल हौदात प्रति चौरस डेसिमीटर चार अँपिअर प्रवाह सोडला तर तासाला सुमारे ४९ मायक्रॉन थर चढतो, म्हणजे वीस मायक्रॉनसाठी जवळपास २५ मिनिटे लागतात. पाच-सात मिनिटांतही रिम चकाकू लागते. त्यानंतर दोनएक मिनिटे क्रोमच्या हौदात बुडवून बाहेर काढली की ती आणि २५ मिनिटे ठेवलेली रिम शेजारी ठेवल्यास ग्राहकाला फरक ओळखता येणे अशक्य. फरक पहिल्या पावसाळ्यात दिसतो. स्वस्त मुलामा आणि महाग मुलामा यांतील अंतर बहुतेक वेळा या वीस मिनिटांचे असते, आणि दोष मात्र 'हल्लीच्या क्रोम'ला दिला जातो.

गंज कोठे सुरू होतो, हेही ठरलेले असते. स्पोकच्या निपलसाठी रिमला पाडलेल्या भोकांच्या कडेला आणि आतल्या खोबणीत तो प्रथम दिसतो. विजेचा प्रवाह उंचवट्यांकडे अधिक व खोलगट भागांकडे कमी जातो, त्यामुळे कोपऱ्यांत आणि भोकांच्या आत थर मुळातच पातळ बसतो. चांगला कारागीर यासाठी वेगळ्या आकाराचे ॲनोड लावतो. जुनी रिम हाती घेताना त्या भोकांपाशी बोट फिरवून पाहणे, हीच या बाजारातील सर्वांत भरवशाची परीक्षा.

जुन्या रिमवर नवा मुलामा थेट चढविता येत नाही. चाक सुटे करायचे, जुने क्रोम हायड्रोक्लोरिक आम्लात उतरवायचे, निकेल वेगळ्या हौदात काढायचे, गंजाचे खड्डे घासून सपाट करायचे आणि मग नव्याने सुरुवात करायची. खड्डे खोल असतील तर ते घासताना पत्राच पातळ होतो, आणि अशी रिम नवी दिसली तरी नवी राहत नाही. स्पोकच्या बाबतीत तर पुन्हा मुलामा देण्याचा आग्रह धरूच नये. आम्लात आणि हौदात निर्माण होणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. तार अचानक तुटू शकते. नवीन स्पोकचा संच घेणे हा शहाणपणाचा खर्च आहे. ब्रेकच्या ड्रमचा आतला घर्षणपृष्ठ मुलाम्यापासून दूर ठेवावा, हे सांगायला नको. तरीही हब संपूर्ण हौदात बुडविण्याचा प्रमाद घडत असतो.

चमचाभर द्रावण

दुकानाच्या मागे हौद नसतात. विद्युतविलेपनाचे, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटिंगचे काम औद्योगिक वसाहतींत, आणि कधी कधी वस्तीतील पत्र्याच्या खोल्यांतही चालते. उत्तर दिल्लीतील वजीरपूर हे पोलाद धुण्याच्या आणि मुलाम्याच्या व्यवसायांचे जुने ठिकाण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने असे उद्योग सर्वाधिक प्रदूषणकारी अशा 'लाल' वर्गात ठेवले आहेत. रासायनिक पद्धतीने रंग उतरविणेही त्याच नोंदीत येते.

क्रोमच्या पारंपरिक हौदात लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते. त्यातील क्रोमियम षट्संयुजी स्वरूपाचे असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. या हौदाची अडचण अशी, की सोडलेल्या विजेपैकी केवळ दहा ते वीस टक्के वीज क्रोमियम चढविण्यासाठी कामी येते. उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजनचे बुडबुडे तयार होतात. ते पृष्ठभागावर फुटतात आणि आम्लाचे नारिंगी धुके हवेत उडते. तेथे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्या कामगाराच्या हातावर न भरणारे व्रण पडतात आणि नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते. ही जुनी माहिती आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने क्रोमचे व्रण हा शासनाला कळविणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार ठरविला होता. परंतु विजेवर चालणारा कारखाना म्हणून त्या कायद्याच्या कक्षेत येण्यास किमान दहा कामगार लागत, आणि मुलाम्याची अनेक कामे चार-पाच माणसांच्या खोलीत चालत आली आहेत. आजार कायद्यात होता, आजारी माणूस मात्र बहुधा त्याबाहेर.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी परिसरातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर गेलेली कुटुंबे दिल्लीतही आहेत. त्यांच्याकडील आम्ल वेगळे, धातू वेगळा. पण कोंदट खोली, वर जाणारी वाफ आणि उघड्या हाताने केलेले काम तेच.

आता पाण्याचा हिशेब. क्रोमिक आम्लात वजनाने जवळपास ५२ टक्के क्रोमियम असते, म्हणजे २५० ग्रॅममध्ये १३० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मानकाप्रमाणे मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. यावरून हौदातील एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, द्रावण १३ हजार लिटर शुद्ध पाणी या मर्यादेपर्यंत आणून ठेवू शकते. रिम हौदातून बाहेर काढताना तिच्या खोबणीत आणि छत्तीस-चाळीस भोकांत चमच्याहून कितीतरी अधिक द्रावण अडकून येते. ती नीट निथळू न देता धुण्याच्या टाकीत बुडविली की ते सारे धुवणाच्या पाण्यात उतरते. घाई येथेही वीस मिनिटांचीच असते.

या पाण्यावर उपाय अवघड नाही. आम्लयुक्त अवस्थेत, सामू दोन-तीनच्या आसपास ठेवून, सोडियम बायसल्फाइटसारखे रसायन मिसळले की षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत रूपांतर होते. पिवळे-नारिंगी पाणी हिरवट होते. डोळ्यांनी दिसणारा हा बदल आहे. नंतर चुना घालून सामू आठ-नऊवर आणला की क्रोमियम तळाशी बसते. उरलेला गाळ धोकादायक कचरा म्हणून स्वतंत्रपणे सुपूर्द करावा लागतो. विलेपन उद्योगांसाठी बाहेर सोडावयाच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम दोन आणि निकेल तीन मिलिग्रॅम या मर्यादा पर्यावरण संरक्षण नियमांत आहेत.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निर्देशांनंतर औद्योगिक वसाहतींसाठी सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या १३ असून वजीरपूर त्यांपैकी एक. परंतु अशा केंद्रात वेगवेगळ्या कारखान्यांचे पाणी एकत्र येते, आणि क्रोमियमचे रूपांतर कारखान्यातच केलेले असेल तरच पुढची साखळी नीट चालते. वस्तीतील खोलीचा तर या केंद्राशी संबंधच नसतो. तिचे पाणी गटारात, गटाराचे नाल्यात, आणि नजफगड नाल्याचे वजीराबाद बंधाऱ्याच्या खाली यमुनेत. जे नाल्यापर्यंत पोहोचत नाही ते जमिनीत मुरते. गाझियाबादच्या लोहियानगर भागातील भूजलात क्रोमियम आढळल्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. हौद बंद करता येतो, भूजलात शिरलेले क्रोमियम बंद करता येत नाही.

पर्याय आणि हट्ट

युरोपीय महासंघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्लाचा वापर खास परवानगीशिवाय करता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये नियम करून शोभेच्या मुलाम्यातील षट्संयुजी क्रोमियम २०२७ च्या प्रारंभापासून थांबविण्याचे ठरविले. पर्याय म्हणून त्रिसंयुजी क्रोमियमचे हौद अनेक दशकांपासून उपलब्ध आहेत. त्यातील द्रावणात क्रोमियमचे प्रमाण कितीतरी कमी असते आणि ते विषारी धुके निघत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. हे द्रावण अशुद्धींबाबत नाजूक असून नियमित तपासणी मागते, जी छोट्या कार्यशाळेला परवडत नाही. आणि त्याची छटा किंचित गडद, धुरकट असते. एकाच बुलेटचा मडगार्ड जुन्या पद्धतीचा व रिम नव्या पद्धतीची असेल तर जाणकाराला फरक दिसतो. हा फरक खपवून घेण्याची ग्राहकाची तयारी नाही, असे दुकानदार सांगतो. ग्राहकाला मात्र असा पर्याय आहे हे कोणी सांगितलेलेच नसते.

कायद्याबद्दलचा एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. चाकाचा रंग बदलला म्हणून दंड होईल, अशी भीती अनेकांना असते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करण्यास मनाई केली, ती नोंदणी प्रमाणपत्रात नमूद होणाऱ्या तपशिलांसंदर्भात. प्रमाणपत्रावर गाडीच्या रंगाची नोंद असते, चाकाच्या रंगाची नसते. चाकाचा आकार बदलणे ही निराळी गोष्ट. जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा खरा प्रश्न वेगळाच आहे. पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने राजधानी क्षेत्रात चालविण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये निर्बंध कायम केले. त्यांच्या अंमलबजावणीत पुढे बदल होत राहिले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांना जुलै २०२१ च्या नियमांनुसार 'विंटेज' नोंदणी मिळते, पण ती रोजच्या वापरासाठी नसते. त्यामुळे वडिलांच्या राजदूतची रिम हजारो रुपये खर्चून चकचकीत करून घेणारा माणूस ती गाडी अनेकदा अंगणाबाहेर काढत नाही. अशा चाकाला, खड्ड्यांतून रोज धावणाऱ्या चाकाइतका जाड मुलामा लागतच नाही. जुने क्रोम जेथे शाबूत आहे तेथे ते नुसते स्वच्छ करून मेणाने जपणे पुरेसे असते, आणि मूळ स्वरूपाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचेही.

रोज चालणाऱ्या गाडीसाठी या बातमीदाराचे मत असे : अलॉय असेल तर पावडर कोटिंग, पोलादी रिम फार गंजली असेल तर जुन्या रिमवर नवा मुलामा चढविण्यापेक्षा कारखान्यातून आलेली नवी रिम. क्रोमचाच आग्रह असेल तर निकेलची जाडी किती मायक्रॉन देणार, हे पावतीवर लिहून मागावे आणि काम कोणत्या वसाहतीतील कोणत्या कारखान्यात होणार, तेही विचारावे. जाडी मोजण्याची उपकरणे मिळतात. जो कारागीर तो आकडा लिहून द्यायला तयार होतो, त्याचा दर सहसा सर्वांत कमी नसतो.

चाक परत आल्यावर काम संपत नाही. स्पोक नव्याने बसविलेल्या चाकाचा आउट काढावा लागतो, म्हणजे ते फिरवून डावी-उजवीकडील व वर-खाली होणारी डुलकी निपल आवळून घालवावी लागते. निपलची टोके आतून ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर रबरी पट्टी बसवतात. ती बहुतेकदा जुनी, फाटलेलीच परत बसविली जाते, म्हणून नवी मागून घ्यावी. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये नवे स्पोक ताण धरताना थोडे सैल पडतात. तेव्हा गाडी पुन्हा एकदा मिस्त्रीकडे नेऊन प्रत्येक स्पोकवर पान्याची हलकी टिचकी मारून घ्यावी. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तारेचा आवाज बद्द येतो.